जयंतीची निळी पट्टी कुणी शिवायची?

एप्रिल महिना लागला की वस्त्यावस्त्यांतून जयंतीची लगबग सुरू होते. मंडळाच्या बैठका होतात, पावतीपुस्तके फिरू लागतात, मिरवणुकीचा मार्ग ठरतो, अध्यक्ष कोण आणि प्रमुख वक्ता कोण यावरून रुसवेफुगवे होतात आणि मिटतातही. खर्चाच्या अंदाजपत्रकात मंडप, रोषणाई, ध्वनिक्षेपक, भोजनदान या बाबी वर असतात. त्यांच्या खाली कुठेतरी एक ओळ असते: डोक्याच्या निळ्या पट्ट्या, इतके नग. या ओळीवर कुणी बोलत नाही. एखादा कार्यकर्ता मोटारसायकल काढून घाऊक बाजारात जातो आणि शेकड्याच्या भावाने गठ्ठे बांधून आणतो. आज आम्ही या एका ओळीवर लिहिणार आहोत. समाजापुढे एवढे मोठे प्रश्न असताना पट्टीवर लेख कशाला, असे काही वाचकांना वाटेल. त्यांनी आधी पूर्ण वाचावे आणि मग आम्हाला बोल लावावा.

ही पट्टी असते कशाची? बहुतेक वेळा चकचकीत पॉलिएस्टर सॅटिनची. तिच्यावर पिवळ्या किंवा पांढऱ्या अक्षरांत 'जय भीम' छापलेले असते, शेजारी अशोकचक्र आणि कधीकधी बाबासाहेबांचे चित्रसुद्धा. कडा दुमडलेल्या नसतात, कापून तशाच सोडलेल्या असतात, त्यामुळे दुपारपर्यंत त्यांचे धागे निघू लागतात. चौदा एप्रिलला विदर्भ-मराठवाड्यात ऊन कसे असते ते तिथल्या माणसाला सांगायला नको. पॉलिएस्टर घाम शोषत नाही. घाम पट्टीखालून थेट डोळ्यांत उतरतो, कपाळाला खाज सुटते, मग पोरे पट्टी काढून मनगटाला बांधतात, गाडीच्या हँडलला बांधतात, नाहीतर सोडून देतात. पंधरा एप्रिलच्या सकाळी मिरवणुकीच्या रस्त्यावर पाण्याचे पाउच आणि पत्रावळ्या यांच्यात निळ्या पट्ट्या पडलेल्या दिसतात. ज्या नावाचा रात्रभर जयजयकार केला ते नाव गटाराच्या कडेला, लोकांच्या पायदळी! आणि ते झाडून उचलणारे हात कुणाचे असतात? शहरांच्या सफाई खात्यांत पिढ्यान् पिढ्या कोण राबत आले, हे या दैनिकाच्या वाचकाला ठाऊक आहे.

पट्टी बांधूच नये असे आम्ही म्हणत नाही. ती जरूर बांधावी. १९३६ सालच्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये बाबासाहेबांनी पेशवाईतल्या काळ्या दोऱ्याची नोंद केली आहे. चुकून कुणा सवर्णाला स्पर्श होऊन विटाळ होऊ नये म्हणून अस्पृश्याने मनगटावर किंवा गळ्यात काळा दोरा बांधावा, असा दंडक होता. म्हणजे सूत अंगावर बांधून माणूस ओळखण्याची पद्धत या मातीत जुनीच आहे. तो दोरा दुसऱ्यांनी बांधायला लावला. निळी पट्टी आपली आपण बांधतो, ताठ मानेने बांधतो, आणि आपल्या पोरी कपाळाला पट्टी बांधून लेझीम खेळत रस्त्यावरून जातात तेव्हा पाहणाऱ्याला जे कळायचे ते कळते. असे असताना ती पट्टी कुठल्या कापडाची आहे आणि कुणाच्या हातची आहे, एवढी चौकशी करायला नको काय?

आमची सूचना साधी आहे. पट्टी वस्तीतच शिवावी, शिंप्यांकडे उरणाऱ्या कात्रणातून शिवावी आणि शिवणारीला तिचा दाम मिळावा.

कात्रण हा शब्द ऐकताच काही जुन्या कार्यकर्त्यांच्या कपाळाला आठी पडेल, हे आम्ही जाणतो. उरलेसुरले या शब्दाशी आपले नाते वाईट आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाची वस्त्रे कोणती, तर प्रेताची, असे स्पष्ट लिहिले आहे. भांडी फुटकी, दागिने लोखंडाचे. हे पोथीतच राहिले असते तर गोष्ट वेगळी, पण गावगाड्यात मढ्यावरचे कापड हा महाराचा 'हक्क' म्हणून मोजला जात होता. घरोघरची उष्टी भाकरी आणि अंगावरून उतरवलेले जुनेर, यांनाही हक्काचेच नाव होते. हक्क म्हणून लाचारी गळ्यात बांधण्याची ही कला मनुवाद्यांनाच जमली. ती मनुस्मृती २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळली गेली.

त्याच महाडला, त्याच परिषदेच्या वेळी, बाबासाहेब स्त्रियांशी वेगळे बोलले. त्यांनी लुगडे नेसण्याच्या पद्धतीबद्दल सांगितले, जातीची खूण पटवणारे जड दागिने टाकायला सांगितले, आणि कपड्याला ठिगळे असली तरी चालतील पण कपडा स्वच्छ असला पाहिजे, असे बजावले. आम्हाला या ठिगळाच्या वाक्याचे फार मोल वाटते. गरीब बाईला नवे लुगडे आणा असे सांगणे सोपे होते, पण ते कुठून आणायचे? बाबासाहेबांनी ठिगळाची लाज काढून टाकली. स्वतःच्या हाताने लावलेले ठिगळ वेगळे आणि दुसऱ्याने अंगावर फेकलेले जुनेर वेगळे, हा फरक त्या बायकांना बरोबर समजला. कात्रणाचेही असेच आहे. ते कुणाच्या अंगावरून उतरलेले नसते. कोऱ्या ताग्यातून कपडा बेतताना बाजूला राहिलेला तो कोरा तुकडा असतो. किलोच्या भावाने विकत घ्यावा, पावती घ्यावी, कुणाचे उपकार नकोत.

कापडाच्या धंद्यात आपला माणूस कुठपर्यंत येऊ शकत होता याचाही इतिहास आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांत साचेखाते, म्हणजे विणकामाचे खाते, जास्त पगाराचे. तिथे अस्पृश्य कामगाराला मज्जाव होता. कारण काय, तर धोट्यात नवी कांडी भरताना धाग्याचे टोक छिद्रातून तोंडाने ओढावे लागे. अस्पृश्याच्या तोंडाची थुंकी लागलेला धोटा सवर्ण कामगार कसा हाती धरणार? म्हणून आपली माणसे सूतखात्यात, कमी पगारावर. १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला आणि लाल बावट्याखालच्या एकजुटीत जात कशी शाबूत आहे ते दाखवून दिले. आज वस्तीतली बाई शिलाई मशीनवर बसते, दोऱ्याचे टोक ओठांत धरून ओले करते आणि सुईत ओवते. तिला अडवणारा कुणी नाही. मात्र तिने शिवलेल्या नगाचा भाव ठरवणारा अजून दुसराच असतो.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. मोठ्या माणसाच्या डोक्याचा घेर साधारण बावीस इंच. मागे गाठ मारून दोन्ही टोके थोडी लोंबायची तर पट्टी छत्तीस-सदतीस इंच लांब हवी. रुंदी तयार झाल्यावर दोन इंच पुरे, त्यासाठी कापड पाच इंच रुंद कापावे. एवढा लांब तुकडा कात्रणात क्वचितच सापडतो. तेरा इंचांचे तीन तुकडे मात्र भरपूर सापडतात. तीन तुकडे जोडताना दोन जोड येतात, प्रत्येक जोडाला दोन्ही बाजूंची अर्धा अर्धा इंच माया जाते, म्हणजे एकोणचाळीस इंचांतून सदतीस हाताशी राहतात. मधला तुकडा बरोबर कपाळावर येतो आणि जोड कानाच्या वर केसांत लपतात. तिन्ही तुकडे उभ्या धाग्यातच कापावेत. एक उभा आणि एक आडवा जोडला तर पहिल्या धुण्यातच पट्टीला पीळ पडतो आणि मग ती कितीही इस्त्री केली तरी सरळ बसत नाही.

जोडलेली पट्टी सुलट बाजू आत घेऊन लांबीत दुमडावी, कडेने अर्धा इंच माया सोडून टीप मारावी, दोन्ही टोकेही बंद करावीत, पण मध्ये तीन इंचांची फट ठेवावी. कोपऱ्यांची जादा माया छाटावी, नाहीतर टोके जाड आणि बोथट येतात. मग फटीतून पट्टी उलटवायची. जुनी पेन्सिल किंवा सेफ्टी पिन यासाठी पुरते. इस्त्री फिरवून चारही बाजूंनी कडेला एक टीप मारली की फटही बंद होते आणि पट्टी बसकी राहते. ज्या घरात मशीन नाही तिथे हाताने बारीक धावदोरा घालून हेच काम होते, वेळ जास्त लागतो एवढेच.

लहान मुलींना गाठ मारायची पट्टी नको असते, ती मिरवणुकीत सुटते आणि डोळ्यांवर येते. त्यांच्यासाठी पुढचा तुकडा चौदा इंच घ्यावा आणि मागे आठ इंच कापडाच्या नळीत पाच इंच इलॅस्टिक ओवून दोन्ही टोके पुढच्या तुकड्यात घट्ट शिवावीत. ही पट्टी जयंतीनंतर शाळेत केस आवरायलाही चालते. मोठ्या पोरींसाठी पुढचा तुकडा दोन इंच वाढवावा.

कापडाबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवावी. गणवेशाच्या शिलाईतून निळ्या रंगाचे कात्रण पुष्कळ निघते, परंतु ते बहुधा टेरिकॉट असते. ते टिकते, रंग सोडत नाही, पण घाम कमी पिते. परकराच्या पॉपलीनचे आणि ब्लाउजच्या अस्तराचे कात्रण सुती असते. टेरिकॉट बाहेरून आणि सुती आतून, अशी अडीच-अडीच इंचांची जोड केली तर दोन्हींचा गुण मिळतो, फक्त वरच्या कडेलाही माया धरावी लागते, म्हणून तुकडे तीन तीन इंच कापावेत. निळ्याच्या छटा वेगवेगळ्या येतील. येऊ द्याव्यात. सगळ्यांच्या डोक्यावर एकाच गिरणीचा एकच निळा असावा असा काही नियम नाही. नाव आणि चित्र छापण्याचा मोहही टाळावा असे आमचे मत आहे. निळा रंगच पुरेसा बोलतो. कुणाला हौसच असेल तर साखळी टाक्याने बारीक अशोकचक्र काढावे, म्हणजे ती पट्टी फेकताना हात थबकेल.

आता पैशांचे पाहू. हात बसलेल्या बाईला एका पट्टीला कापण्यापासून इस्त्रीपर्यंत दहा मिनिटे धरा. आठ तासांत अठ्ठेचाळीस पट्ट्या. समजा एखादा ठेकेदार नगाला दीड रुपया देतो. दिवसभर मान मोडून बाईच्या हाती बहात्तर रुपये पडतील, त्यात दोरा तिचा, मशीनचे तेल तिचे आणि विजेचे बिलही तिचेच. आता समजा मंडळाने हीच पट्टी तिच्याकडून वीस रुपयांना घेतली आणि कात्रण, दोरा, इस्त्री मिळून नगाला चार रुपये खर्च आला. दिवसाचे सातशे अडुसष्ट रुपये होतात. काम तेच, हात तेच. मंडळाला पाचशे पट्ट्या लागत असतील तर खर्च दहा हजार. बाजारातली दहा रुपयांची पट्टी घेतली असती तर पाच हजारांत भागले असते, हे आम्ही नाकारत नाही. वरचे पाच हजार कुठून आणायचे? डीजेचे भाडे किती ठरले आहे ते पावतीपुस्तक धरणाऱ्याने एकदा मोठ्याने वाचून दाखवावे. पाचशे पट्ट्यांचे काम पाच जणींत वाटले तर अडीच दिवसांत उरकते.

आपल्याकडे बचत गटांच्या मशीन आहेत. २०२० साली कोरोना आला तेव्हा महाराष्ट्रातल्या महिला बचत गटांनी रात्रंदिवस कापडी मास्क शिवले. त्याच काळात मास्कचे इलॅस्टिक कानामागे काचून नर्सेसना जखमा होऊ लागल्या, म्हणून डोक्याच्या पट्टीला दोन बाजूंना बटणे लावून मास्क त्यांत अडकवण्याची युक्ती देशोदेशी निघाली. साथ ओसरली, मागणी संपली आणि पुष्कळ मशीनवर पुन्हा कापड झाकले गेले. शिवण येते, यंत्र आहे, फक्त घेणारा नाही. घेणारा समाज असताना घेणारा नाही म्हणावे काय?

बाजारात स्वस्त कृत्रिम माल एकदा शिरला की हातमजुरीचे काय होते याचा दाखला राष्ट्रध्वजाचा आहे. ३० डिसेंबर २०२१ रोजी ध्वजसंहितेत बदल होऊन पॉलिएस्टरच्या आणि यंत्रावर बनलेल्या तिरंग्याला परवानगी मिळाली. कर्नाटकात हुबळीजवळ बेंगेरी येथे खादीचे प्रमाणित ध्वज तयार होतात आणि तिथे राबणाऱ्या बहुतेक बायकाच. त्यांच्या मागणीला याचा फटका बसला. खादीच्या अध्यात्माशी आमचे सख्य कधी नव्हते आणि आजही नाही. पण बाईचा रोजगार गेला तर तो खादीचा होता म्हणून आम्ही आनंद मानावा, असेही नाही.

चिंधीतून रोजगार आणि रोजगारातून संघटना, हे अहमदाबादेत घडलेले आहे. तिथे गिरण्यांची चिंधी व्यापारी उचलत आणि दर्यापूर भागातल्या गरीब मुस्लिम बायकांना देत. त्या घरी बसून तुकडे जोडून गोधड्यांच्या खोळी शिवत आणि नगाला पैशांत मोजावी इतकी मजुरी मिळवत. इला भट यांनी १९७२ साली स्थापन केलेल्या 'सेवा' संघटनेने सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात या बायकांना एकत्र केले. त्यांनी भाव वाढवून मागितला, तेव्हा व्यापाऱ्यांनी चिंधीच देणे बंद केले. मग या बायकांनी स्वतः चिंधी मिळवली, स्वतः शिवून विकली आणि त्यातून 'सबीना' ही त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. मजुरीचा भाव वाढवून मागण्याची ताकद कच्चा माल हातात असण्यातून येते, हे त्या अनुभवाने शिकल्या. आमच्या वाचकांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. १९८१ साली गुजरातेत वैद्यकीय प्रवेशांतील राखीव जागांविरुद्ध दंगली उसळल्या, दलितांची घरे पेटली, तेव्हा इला भट उघडपणे दलितांच्या बाजूने बोलल्या. त्याची शिक्षा म्हणून गांधींच्या परंपरेतल्या मजूर महाजन या कामगार संघटनेने 'सेवा'ला बाहेर काढले. चिंध्या जोडणाऱ्या बायकांची संघटना त्या दिवशी आपल्या बाजूने उभी होती.

घरी बसून नगावर काम करणारी बाई कामगार आहे की नाही, असा प्रश्न अजूनही विचारला जातो. ती रिकाम्या वेळात हातखर्चाला शिवते, असे म्हणून तिला मोडीत काढतात. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते, तेव्हा १९४६ साली त्यांनी किमान वेतनाचे विधेयक मांडले. १९४८ साली त्याचा कायदा झाला. त्या कायद्याने कामगाराच्या व्याख्येत मालकाचा माल घरी नेऊन तो शिवणारा, दुरुस्त करणारा, सजवणारा माणूसही घेतला होता, आणि नगावरच्या कामालाही किमान दर ठरवण्याची तरतूद केली होती. आता त्या कायद्याची जागा २०१९ च्या वेतन संहितेने घेतली आहे. कागदावरचा कायदा वस्तीत पोचवण्याचे काम आपल्याच संघटनांचे आहे. जयंतीच्या मंडळाने शिवणाऱ्या बाईला भाव देताना घासाघीस केली तर दुसऱ्या कुठल्या मालकाला आपण काय तोंडाने बोलणार?

एक इशारा मात्र द्यायला हवा. शिवण आली की ती बायकांच्या गळ्यात घालायची, त्यांना 'समाजकार्य' म्हणून फुकट राबवायचे आणि स्टेजवर पुरुषांनी हार घालून घ्यायचे, हे आपल्याकडेही चालते. आपल्या आयाबायांच्या डोक्यावर पहिले फडके आले ते चुंबळीचे. जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळून केलेल्या त्या चुंबळीवर हंडे, विटा, मातीच्या पाट्या वाहिल्या गेल्या. निळी पट्टी फुकट शिवून घेतली तर ती चुंबळच झाली, रंग तेवढा बदलला. म्हणून शिलाईची रक्कम बाईच्या नावाने हिशेबात लिहावी आणि जाहीर हिशेबात तिचे नाव वाचावे. पोरांनीही मशीनवर बसावे. सरळ टीप मारायला एका दुपारची सवय पुरते आणि गावोगावचे शिंपी काही बायका नव्हेत.

तयारी एप्रिलमध्ये सुरू करून भागणार नाही. गणवेशाच्या शिलाईचा हंगाम जून-जुलैचा, निळे कात्रण तेव्हाच मुबलक आणि स्वस्त मिळते. ओळखीच्या शिंप्याशी किलोचा भाव आधी ठरवावा. आणलेले कात्रण एकदा पाण्यात भिजवून पांढऱ्या फडक्यावर दाबून पाहावे. फडक्याला निळे डाग पडले तर ते तुकडे दोन-तीनदा धुऊन काढावेत, नाहीतर घामाबरोबर रंग कपाळावर उतरेल. वाळलेले तुकडे सुती आणि टेरिकॉट असे वेगळे करून ठेवावेत. शिंप्याकडे एक मोठी कापडी पिशवी टांगून यावी आणि तिच्यावर मंडळाचे नाव लिहावे, म्हणजे दुकान झाडणारा पोरगा निळे तुकडे त्या पिशवीत टाकत जातो.